कॅज्युअल्टीतलं मशीन

"कुणाला विचारून दार फोडलंस?"

संस्थेचे चिटणीस कमलाकरराव हेच पुन्हा पुन्हा विचारत होते. महाडच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात, पहिल्या मजल्यावरच्या हिशेब खात्यात, सोमवारी सकाळीच सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. दाराची कडी एका स्क्रूवर लोंबत होती. मैथिली सर्व्हरसमोर बसली होती. दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर तीच सांभाळायची. तिच्या उजव्या तळहाताला पट्टी होती आणि संतापाने कानशिलं तापली होती.

"कुणाला विचारणार होते?" ती म्हणाली. "रविवार होता. तुम्ही नाते गावात सत्काराला. चावी तुमच्या खिशात."

"फोन करायचा."

"केला. नुसता वाजत राहिला."

आदल्या दुपारी पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतून मैना नावाच्या बाळंतिणीला जीपने आणलं होतं. पहिलटकरीण. मूल वाटेतच झालं, ते ठीक होतं, पण तिचं रक्त थांबत नव्हतं. रक्तगट ओ निगेटिव्ह, आणि रक्तपेढीत त्या गटाची एकही बाटली नाही. हाक मारली की रक्त द्यायला येतील अशा चारशे माणसांची नावं, गट, फोन नंबर मैथिलीने गावोगाव फिरून गोळा केले होते. तो एवढासा डाटाबेस वरच्या मजल्यावर, बंद सर्व्हरमध्ये, कुलपाआड होता. शेवटी तिने आणि अंबिका सिस्टरने सलाइनच्या लोखंडी स्टँडने कडी उचकटली. पोलादपूरचा भरत, गॅरेजवाला, सापडला. हातावरचं ग्रीससुद्धा न पुसता तो मोटरसायकल दामटत आला.

मैना वाचली. गर्भाची पिशवी मात्र काढावी लागली. रक्त तासभर आधी मिळालं असतं तर पिशवी वाचवून बघता आली असती, असं डॉक्टर श्रेयस म्हणाले. ते आत्ताही या खोलीत होते, दारापाशी, खाली मान घालून.

"खाली कॅज्युअल्टीतल्या मशीनवर ठेवू या, ते कधी बंद होत नाही, असं मी सुरुवातीलाच सांगितलं होतं," मैथिली म्हणाली. "तुम्ही हसलात."

"हसू नको तर काय करू? नवाकोरा सर्व्हर सोडून त्या डबड्यावर? देणगीदारांना काय दाखवायचं, कॅज्युअल्टीतलं ते कळकट टेबल?"

"मैनाला दाखवा," मैथिली म्हणाली.



हिशेब बघणारा आमोद घसा खाकरत म्हणाला, "मैथिली, राग मानू नकोस. त्या मशीनवर वॉर्डबॉय पत्ते खेळत बसतात. डाटात बायकांचेही फोन नंबर आहेत. उद्या कुणी भलताच फोन केला म्हणजे?"

हे खरं होतं. राग आला असला तरी हे खरं आहे, हे तिला कळत होतं. "पासवर्ड लावते. सिस्टर आणि डॉक्टर, दोघांनाच देते. पत्त्यांचा खेळ आजच काढून टाकते."

"मग दोन्हीकडे ठेव ना."

"दोन्हीकडे ठेवलं की एकीकडे नंबर बदलतो, दुसरीकडे जुना राहतो. ऐन वेळी नेमका जुना लागतो. आमोद, खरा डाटा एकाच जागी हवा, आणि जिथे पेशंट येतो तिथेच हवा."

"पुरे!" कमलाकररावांनी टेबलावर हात आपटला. "हा दवाखाना मी उभा केलाय. काल आलेल्या पोरीने मला शिकवायचं नाही. आमोद, ठराव लिही. डाटा याच सर्व्हरवर राहील. दाराला नवीन कुलूप बसवायचं. चावी चिटणिसांकडेच राहील. आणि झालेल्या मोडतोडीबद्दल..."

मैथिलीने टेबलाचा खण उघडला, एक फ्लॉपी काढली आणि सर्व्हरमध्ये सरकवली. कमलाकरराव सांगत होते आणि फ्लॉपी कुरकुरत होती. चारशे माणसं. सगळी त्या एका चौकोनी तुकड्यात मावली, वर जागा उरली. एवढ्याशा गोष्टीसाठी काल आपण दार फोडत होतो. या खोलीत रडायचं नव्हतं.

फ्लॉपी हातात घेऊन ती उठली.

"बस खाली. ठराव संपला नाही."

"तुमचा संपू दे. मी खाली आहे."

आमोदने पेन खाली ठेवलं. "दर शनिवारी एक प्रत माझ्या कपाटात देत जा," तो हळूच म्हणाला. "फ्लॉपी कधीही दगा देते." डॉक्टर श्रेयस तिच्यासाठी दारातून बाजूला झाले.

ती जिना उतरली. मागून कमलाकरराव ओरडत उतरले. नोकरी, शिस्त, संस्थेची अब्रू, सगळं त्या अरुंद जिन्यात घुमत होतं. मैथिली थांबली नाही. कॅज्युअल्टीत अंबिका सिस्टरने टेबलावरचे कापसाचे गठ्ठे उचलून तिला जागा करून दिली. मशीन चालूच होतं. कमलाकरराव दाराशी उभे राहून आणखी मोठ्याने ओरडू लागले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आवाज फाटत होता.

बाहेरच्या बाकावर मैनाची सासू चंपाबाई तान्ह्या नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने पोराच्या कानावर पदर ओढला. थोडा वेळ ती त्या माणसाकडे बघत राहिली. मग बाहेर आलेल्या अंबिकाला जवळ बोलावून तिने हलक्या आवाजात, कळवळून विचारलं,

"बाय गो, ह्या मानसाचं कोन गेलं?"