महाराज

शेवंता गर्दीत घुसली. देवळाच्या ओट्यावर तिचा धाकटा भाऊ हणमंत उघडाबंब बसला होता आणि लोक रांगेने त्याच्या पाया पडत होते. उन्हाळ्यात तो इस्पितळातून पळून इथं आला, तेव्हा याच गावाने त्याला येडा म्हणून दगड मारले होते. मग तो एकाच्या अंगावर थुंकला, त्या माणसाला मुलगा झाला आणि हणमंत महाराज झाला.

हारांखाली त्याचा पाय सडला होता. माश्या घोंगावत होत्या आणि बाया तोच पाय धुऊन तीर्थ पीत होत्या. शेवंता त्यांना बाजूला सारत ओरडली.

"आजारी हाय तो! गोळ्या चालू हुत्या त्याच्या!"

"देवाला कसल्या गोळ्या?" सरपंच हसला.

शेवंताने भावाचा हात धरला. त्याने तिला ओळखलं.

"आक्का, पाय लई ठणकतोय. घरी ने मला."

"महाराज बोलले! घरी यायचं म्हणाले!" एकच गलका झाला. कुणाच्या घरी, यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावली. सरपंचाने हणमंतला खांद्यावर उचललं आणि शेवंताच्या मुठीतून भावाचा हात निसटला.