तांदळाची पावलं

कुंभकोणमच्या नव्या रेल्वे रुळांशेजारी टाकलेलं, खरजेनं सडलेलं कुत्रं गोमतीबाईंनी घरी आणलं. महिनाभर कडुनिंबाचं तेल चोळलं, दहीभात भरवला. तरी त्याचे मागचे पाय उठेनात.

"अगे, आपल्या घरात काय तगलंय, जे हे तगेल?" माळ्यावरच्या पाळण्याकडे न बघता यजमान अप्पाजी म्हणाले.

गोकुळाष्टमीला तांदळाच्या ओल्या पिठात मूठ बुडवून गोमतीबाईंनी उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत बाळकृष्णाची पावलं उमटवली. मागं वळून बघतात तो एक ओळ कुत्र्याच्या गोणपाटापाशी गेलेली. ती त्यांनी काढली नव्हती.

कुत्रं चारी पायांवर उभं होतं.

गोणपाटापासून पावलं एकेक उमटत त्यांच्याजवळ आली आणि थांबली. कुत्रं मान वर करून त्यांच्या कमरेकडे बघत शेपूट हलवू लागलं.

गोमतीबाईंच्या कडेवर हळूच भार आला.