सहावा भाग

धोंडाबाईच्या हुंदक्याखाली बासरी लावायला हर्षलनं चौथ्यांदा नकार दिला.

"लोकांना बाई नकोय, तिचं रडणं हवंय," उज्वला म्हणाली. पॉडकास्ट तिचा, आवाज तिचा, नाव तिचं. हर्षल संगीताच्या क्लिप बनवायचा आणि रेकॉर्डिंग साफ करायचा.

"मग त्याला शोध कशाला म्हणतेस?"

ती दार आपटून गेली.

धोंडाबाईचा नवरा सहादू चार महिन्यांपूर्वी नाशिक रोड स्टेशनवर पाणी प्यायला म्हणून बाकावरून उठला, तो परतलाच नाही. त्याला विसरायला व्हायचं. गाव आठवायचं नाही, बायकोचं नाव तेवढं तोंडात असायचं. पोलिसांनी अर्ज घेतला आणि फायलीला लावला. मग उज्वलानं दहा भागांची मालिका काढली. लोक ऐकू लागले. शेवटचा भाग गाजला तर मुंबईची एक कंपनी हर्षलला स्वतःची मालिका देणार होती.

आज सहावा भाग. हर्षलनं तीन ॲप लावून पाहिली. पहिल्यानं रस्त्यावरचे ट्रक काढले, सोबत धोंडाबाईचा श्वासही काढला. दुसऱ्यातून ती डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी वाटली. तिसऱ्यात एक ट्रक राहिला, पण बाई बाईच राहिली. त्यानं तेच ठेवलं. सुरुवातीला बारा सेकंद एकतारी, पुढे काही नाही.

धोंडाबाई शेजारीच बसली होती. दर मंगळवारी सिन्नरहून एसटीनं यायची. हर्षलनं तिच्या कानांवर हेडफोन चढवला. स्वतःचाच आवाज ऐकून ती लाजली, मग म्हणाली की आता तरी कोणी त्यांना वळखंल. दर भागाच्या शेवटी निरोपासाठी नंबर दिलेला असायचा. तो फोन हर्षलकडे असतो, हे तिला ठाऊक होतं.

"काही निरोप आला का रे बाळा?"

"नाही मावशी."

"लय लोकं ऐकतात म्हणतो, अन् एकालाबी दिसंना?" तिनं हेडफोन काढून ठेवला. "त्यांना भरवावं लागतं रे. दुसऱ्याच्या हातचं खात नाय."

हर्षलनं तिला चहा पाजला, स्टँडवर नेलं, बसायला जागा मिळेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. परत येऊन उज्वलाला फोनवर सांगितलं की बासरी लागणार नाही, भांडायचं तर भांड. या वेळी तिनंच माघार घेतली.

मग त्यानं निरोपांचा फोन उघडला. मनमाडजवळच्या एका आश्रमातला माणूस पुन्हा बोलत होता. दुसऱ्या भागापासूनचा हा त्याचा तिसरा निरोप.

"साहेब, तुम्ही बाईला घेऊन येतो येतो म्हणता. बाबांनी चार दिवस अन्न घेतलं नाही. आज या. उद्याचं सांगता येत नाही."

त्याच्या मागून एक थकलेला आवाज धोंडाला हाक मारत होता.

हर्षलनं पंख्याची घरघर काढली, हाक थोडी वर आणली आणि फाइलला नाव दिलं : भाग दहावा, शेवट.