बारा वाजेपर्यंत मौन

"दोन चढाया रिकाम्या, तिसरीला पोरगं धरलं जातं. सहा सामने झाले मामा, हेच बघून राहिलो आम्ही." उमाशंकरनं पुढच्या सीटच्या दांडीवर हात आपटला. "ह्याला काय डाव म्हणायचं?"

भुजंगरावांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. एसटीनं नुकतंच माळेगाव सोडलं होतं. कबड्डीचा सामना बघायला निघालेल्या मंडळींचं नांदेडपासून हेच चाललं होतं आणि लातूर अजून अडीच तास लांब होतं.

"पोरं जातात, बोनस रेषेपर्यंत पाय नेतात अन् वापस येतात," पंढरीनं री ओढली. "देवळाच्या पायरीला हात लावून आल्यावाणी! आतमधी जायचं नावच न्हाई."

मागच्या सीटांवर हशा पिकला.

"त्या अश्वजितनं डावा कोपरा धरला नसता, तर दुसऱ्याच सामन्याला घरी आलो असतो," उमाशंकर म्हणाला.

"सरांच्या मनात काहीतरी असंलच की..." भुजंगराव बोलले आणि त्यांनी जीभ चावली.

"हाव, जावयाची बाजू घेणारच तुम्ही!"

भागवत त्यांचा जावई. नांदेडच्या कॉलेजात कंत्राटावर कबड्डी शिकवायचा. आज दुपारी दोनला लातूरच्या यजमान कॉलेजाशी सामना होता. हरला, तर सोमवारपासून दुसरा माणूस, असं संस्थेनं त्याला तोंडावर सांगितलं होतं. त्यांच्या लेकीला, तनुजाला, सातवा महिना लागला होता.

भुजंगरावांच्या शेजारी माळेगावला चढलेली एक बाई बसली होती. पन्नाशीची, कपाळभर भंडारा, मांडीवर कापडी पिशवी. कंडक्टरला तिनं चिठ्ठी दाखवली होती : 'लातूर, एक. बारा वाजेपर्यंत मौन आहे.' खंडोबाला काही नवस बोलून आली असेल, लातूरला लेकीकडं निघाली असेल, असं भुजंगरावांना वाटलं. तिचं बोट जपमाळेवरून सावकाश सरकत होतं.

"लातूरचा कोच सव्वीस वर्षांचा हाय, पण डोकेबाज," पंढरी म्हणत होता. "आपलं सगळं तो पहिल्या पाच मिनटात ओळखंल."

बाईनं पिशवीतून खोबऱ्याचा प्रसाद काढला. पंढरीच्या हातावर जरा मोठा तुकडा पडला.

"मामा," उमाशंकर खोबरं चावत पुढं वाकला, "कोच बदला म्हणून अर्ज लिहिलाय आम्ही. हे बघा, खिशातच हाय. पहिली सही तुमचीच घ्यावी म्हणतो. घरच्याच माणसाची सही असली की वजन येतं!"

पुन्हा हशा. भुजंगरावांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. एक वाक्य बोललं असतं, तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण भागवतनं त्यांना तनुजाच्या गळ्याची शपथ घातली होती.

अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. मंडळी चहाला उतरली. भुजंगराव जागचे हलले नाहीत. ते रुमालानं मानेवरचा घाम पुसत राहिले. बाईनं पाण्याची बाटली पुढं केली.

पाणी पिता पिता त्यांना शिरूर अनंतपाळची आत्या आठवली. तीही असंच मौन धरायची, आणि अर्धं गाव तिच्यापुढं बसून मन रिकामं करून जायचं. मौनातल्या माणसाला सांगितलेलं देवाला सांगितल्यासारखं, असं सगळेच मानत. आत्यानं कुणाचं काही बाहेर काढल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"ताई, तुमचं मौन हाय म्हणून बोलतो," ते हळूच म्हणाले. "छाती फुटायची वेळ आली. रिकाम्या चढाया मुद्दाम चालल्यात. समोरच्यांना वाटावं, ही पोरं आत शिरतच न्हाईत. मग त्यांचा बचाव बिनघोर पुढं सरकतो. मध्यंतरापर्यंत आजबी तसंच. अन् मध्यंतरानंतर चढाईला जाणार अश्वजित! तो कोपऱ्यातला पोरगा. सहा सामन्यांत एकदाबी गेला न्हाई. पण दोन महिने विष्णुपुरीला पहाटं त्याला तयार केलंय. मी डबा घेऊन गेलो तवा बघितलं. डाव्या पायाची लाथ अशी मारतो की दोन-दोन गडी बाद!"

जपमाळेवरचं बोट एका मण्यावर थांबलं.

"लेकीचं पोट हाय ह्याच्यावर, ताई. तेवढं देवाच्या कानावर घाला."

बाईचे डोळे भरून आले. तिनं पुडी सोडली आणि भुजंगरावांच्या कपाळाला भंडारा लावला. त्यांच्या खांद्यावरचं सगळं ओझं उतरलं. मंडळी परत आली, चाकूर गेलं, लातूर जवळ आलं, तरी उमाशंकरच्या एकाही टोमण्याला ते चिडले नाहीत. उलट एकदा हसले.

"मामाला अहमदपुरात काय पाजलं रे कुणी?" पंढरीनं विचारलं.

लातूरच्या स्टँडवर गाडी लागली, तेव्हा घड्याळात बाराला पाच कमी होते. भुजंगरावांनी बाईची पिशवी स्वतः खाली उतरवून दिली. तिनं हात जोडले आणि खांबापाशी उभी राहिली. तिची नजर घड्याळावर होती. लेक न्यायला येईपर्यंत सोबत म्हणून भुजंगरावही थांबले.

काटा बारावर गेला. गर्दीतून एक तरणा पोरगा पळत आला आणि 'आई' म्हणत वाकून तिच्या पाया पडला. गळ्यात शिट्टी होती. पाठीवर लातूरच्या यजमान कॉलेजाचं नाव होतं आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत 'प्रशिक्षक'.

बाईनं तीच पुडी सोडली, त्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि सकाळपासून पहिल्यांदाच तोंड उघडलं. आवाज फार मऊ होता.

"सुदर्शन, मध्यंतरानंतर त्यांचा डाव्या कोपऱ्यातला पोरगा चढाईला येणार हाय. आपल्या पोरांना पुढं सरकू देऊ नको."