मागचा बोल्ट

बोल्ट चौथ्यांदा निसटला आणि टिणटिण वाजत इंजिनाच्या पोटात कुठेतरी जाऊन पडला.

फोरमन गाडीच्या बॉनेटखाली कमरेतून वाकलेला होता. उभं आयुष्य त्याने कारखान्याच्या दुरुस्ती खात्यात काढलं होतं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी गल्ली त्याला फोरमनच म्हणायची. आपल्या गाडीला त्याने कधी परक्याचा हात लागू दिला नव्हता. आजही स्टार्टर त्यानेच काढला, साफ केला, परत चढवला. खालचा बोल्ट बसला. वरचा मात्र इंजिन आणि मागचा पत्रा यांच्या फटीत. तिथे नजर पोचत नाही, फक्त बोटं पोचतात. आणि त्याची बोटं आता सांध्यांत सुजली होती, बोल्ट धरला की थरथरायची.

समोरचे पोस्टमास्तर दोनदा येऊन डोकावून गेले होते. आता ते तिसऱ्यांदा आले.

"फोरमन, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला हाक मारू का?"

त्याचे कान तापले. "झालंच आहे," तो म्हणाला. मग गुडघे टेकून गाडीखाली हात घालून बोल्ट चाचपडू लागला. बोल्ट सापडला, पण उठताना त्याला बंपरचा आधार घ्यावा लागला. पोस्टमास्तरांनी तेवढ्यापुरती नजर दुसरीकडे वळवली. ते त्याला जास्तच लागलं.

मुलगी पायरीवर उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तीन आठवड्यांपूर्वी ती एक बॅग घेऊन सासरहून आली होती. सुट्टीवर आलीय, असं त्याने पोस्टमास्तरांना परस्पर सांगून टाकलं होतं. तिला मात्र काही विचारलं नव्हतं. विचारलं तर ऐकून घ्यावं लागलं असतं.

"सरका, बाबा," ती म्हणाली.

"अगं, हात काळे होतील."

"होऊ देत."

तिने हत्यारांच्या पेटीतून दोन लांब दांडे काढले, एकाला एक जोडले. टोकाला वाकणारा सांधा लावला, त्यावर बोल्टच्या डोक्यावर बसणारी पोकळ गोटी. वर्तमानपत्राचा कपटा फाडून गोटीत कोंबला आणि बोल्टचं डोकं त्यावर घट्ट दाबलं. उलटं धरून हलवून पाहिलं. बोल्ट पडला नाही. मग तिने दांडा फटीत सोडला, दुसरा हात बाजूने आत घातला आणि डोळे मिटले. आधी बोल्ट उलटा फिरवला. आटा जुळल्याची बारीकशी टक् झाली. मग सुलटा. एकेक फेरा घेत बोल्ट आत गेला. शेवटी तिने दांड्याला पाना लावून तो दोन्ही हातांनी ओढला आणि सरळ उभी राहिली. पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

"वा!" पोस्टमास्तर म्हणाले. "हे कुठे शिकलीस ग?"

"बाबांनीच शिकवलं. फोनवरून."

फोरमनचा जीव भांड्यात पडला. अरेच्चा, खरंच की! मघापासून गेलेली अब्रू कोणीतरी आणून हातात ठेवावी, तसं त्याला झालं.

"तुम्हाला सांगितलं नाही का मी?" तो पोस्टमास्तरांकडे वळला. सांगितलं होतं, चांगलं तीन-चार वेळा. तरी त्याने पुन्हा सुरुवात केली. "दोन वर्षं झाली. हिची गाडी बंद पडली, रस्त्यात एकटी. फोन केला, म्हणते, बाबा, तुम्ही येता का? म्हटलं, मी कशाला? दहा मिनिटांचं काम. मागच्या वायरीचा बोल्ट सुटला होता, असाच, न दिसणारा. म्हटलं, कागद घाल, डोळे मीट, बोटांनी बघ. ही आपली मुसमुसतेय. म्हटलं, रडून बोल्ट बसत नसतो! आणि बसवलान् की तिने. तिथे त्या नदीच्या पुलापाशी, भर उन्हात..."

तो थांबला.

पूल त्याला चांगला माहीत होता. त्याच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. मुलीचं सासर पुलाच्या पलीकडे, तिचं ऑफिसही पलीकडेच, सासरपासून चार चौक. रोजच्या जाण्यायेण्यात पूल कुठे लागतच नव्हता. ही गोष्ट त्याने इतक्यांदा रंगवून सांगितली होती, प्रत्येक वेळी पुलाचं नाव घेतलं होतं, आणि हे एकदाही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

पोस्टमास्तर पुढच्या वाक्याची वाट बघत होते. मग त्यांनी फोरमनचा चेहरा पाहिला, गॅसवर दूध ठेवून आल्याचं काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले.

मुलगी फडक्याने एकेक बोट पुसत होती. त्याला तिच्याकडे बघवेना. तो बोल्ट असलेल्या फटीकडे बघत राहिला.

"त्या दिवशी," त्याने विचारलं, "त्या दिवशी तू कुठे निघाली होतीस ग?"

ती फडक्याची घडी घालत म्हणाली, "इकडेच. पण गाडी चालू झाली आणि तुम्ही म्हणालात, आता सरळ घरी जा, सासरचे वाट बघत असतील. म्हणून वळवली."