टांगलेलं वजन

"हे वजन कोणी टांगलं असेल?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

काचेपलीकडे जुन्या बॉयलरचा पत्रा होता. बोटभर जाडीचं लोखंड कागदासारखं फाटलं होतं. शेजारी सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला तारेने बांधलेलं एक जादा वजन. वाफ फार झाली की व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि वाफेला वाट करून देतो. ती वाफ फुकट जाऊ नये म्हणून कोणीतरी हे वजन टांगलं होतं. मागच्या भिंतीवर त्या बॉयलर हाउसचा फोटो होता. त्याला छप्पर उरलं नव्हतं.

रंगाई कारखान्याचे सगळे विभागप्रमुख काचेभोवती उभे होते. नेतृत्वाचे धडे घ्यायला साहेबांनी सगळ्यांना संग्रहालयात आणलं होतं. या वस्तूने काय शिकवलं, ते प्रत्येकाने एकेका वाक्यात सांगायचं होतं.

"संवाद हवा," विक्रीवाले म्हणाले.

"घाई नडते," गोदामवाले म्हणाले.

खरेदीच्या प्रमुखाला सगळे भोंगा म्हणत. तो कानात बोलला तरी अंगणात ऐकू जायचं. "साहेब, वजन द्यायचं वरच्यांनी, टांगायचं खालच्यांनी. उडाले की दोघं सोबत!"

हशा पिकला. साहेब सगळ्यांत मोठ्याने हसले.

बॉयलर इंजिनिअर हसली नाही. आज तिला यायचंच नव्हतं. कारखान्याचा एक नंबरचा बॉयलर दुरुस्तीला निघाला होता आणि दोन नंबर दोघांचं ओझं एकटा ओढत होता. त्याचा व्हॉल्व्ह सारखा उघडायला लागला, तेव्हा साहेबांनी तिच्या सुट्टीच्या दिवशी त्याला दाबून धरणारी स्प्रिंग आवळून घेतली होती, म्हणजे तो लवकर उघडू नये. ऑर्डर निघेपर्यंत, चार दिवसांपुरती. ती भांडली. बॉयलर बंद करा, म्हणाली. साहेबांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विषय बदलला. काल तिने सहलीला नकार दिला, तर ते स्वतः तिच्या टेबलापाशी आले होते. "तुम्हीच नाही आलात तर कसं चालेल? एक दिवस तरी त्या धगीतून बाहेर पडा."

आता सगळे तिच्याकडे बघत होते. तिची पाळी होती.

"बोला, मॅडम," साहेब म्हणाले.

भरल्या घोळक्यात साहेबांना अडवायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. पण दोन नंबरच्या भट्टीच्या तोंडाशी या क्षणी माणसं उभी होती.

"आपल्याकडेही हे वजन टांगलेलं आहे," ती म्हणाली. "आपण स्प्रिंग आवळली, एवढाच फरक. मला यातून काही शिकायचं नाही, साहेब. दोन नंबर आज बंद करा. आत्ता."

भोंग्याने पहिल्यांदाच हळू आवाजात खाकरून घेतलं.

मग साहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"याला म्हणतात धडा घेणं! मंडळी, मी हे संध्याकाळी सांगणार होतो, पण आता राहवत नाही. आजपासून मॅडम आपल्या सगळ्या कारखान्यांच्या सुरक्षाप्रमुख. मुख्य कार्यालयात बसतील. अशी माणसं वरच हवीत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी तिचा हात हातात घेऊन हलवला. "मॅडम, पेढ्यांचं काय?" भोंगा ओरडला. अशा जागेसाठी तिने उमेदीची वर्षं घातली होती. क्षणभर तिला बरं वाटलं. साहेबांनी आपलं ऐकलं, असंही वाटलं.

"आणि दोन नंबर?" तिने विचारलं.

"अहो, आता एका बॉयलरमध्ये काय अडकून पडता? बघतो ना मी." साहेबांनी तिच्या खांद्यापलीकडे पाहून हात केला. "चला, पुढच्या दालनात."

घोळका पुढे सरकला. ती मागे राहिली. साहेबांचं "बघतो" तिला पाठ होतं. त्यात बघण्यासारखं काही नसायचं. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि बॉयलरवरच्या मिस्त्रींना फोन लावला. साहेबांना न विचारता बॉयलर बंद केला, तर नवी जागा हातात येण्याआधीच जाणार होती. जुनीही राहिली नसती.

"मिस्त्री, नीट ऐका. भट्टी विझवा. दोन नंबर थंड करा. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा."

पलीकडे यंत्रांची घरघर होती.

"मिस्त्री? ऐकू येतंय ना?"

"येतंय, ताई. पण आता तुमच्या सांगण्यावरून कसा विझवू? नव्या साहेबांनी सांगितलंय, त्यांना विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. स्प्रिंगसुद्धा आणखी आवळून घेतली त्यांनी."

"कोण नवे साहेब?"

"तुमच्या जागेवर आलेत ते. खुर्चीत बसलेत तुमच्या."

"कधी आले?"

"सकाळीच, ताई. तुमची बस फाटकाबाहेर पडली आणि त्यांची गाडी आत आली."