सांभाळून घेणारा तंबोरा

सत्तरीतही काळी चारच्या उंच पट्टीत गाणाऱ्या म्हणून यमुताईंचं कोण कौतुक! त्या दिवशी मैफलीच्या तोंडावर त्यांचा बोलका यंत्रतंबोरा अडला, म्हणून शिष्या केतकीनं मंडळाचा लाकडी तंबोरा काळी चारला लावला. वरच्या सा ला ताईंचा आवाज फाटला.

"चढा लावलायस गं!"

"नाही ताई, काळी चारच आहे."

तेवढ्यात यंत्र सुरू झालं. त्याच्या पडद्यावर काळी चार, पण सूर चांगलाच खाली. ताईंनी यंत्र जवळ ओढलं.

"हे कधीपासून रे?"

"बरीच वर्षं. दर वर्षी थोडं उतरवतो," यंत्र अदबीनं म्हणालं. "गाणारा कमी पडला तर साथीदारानं सांभाळून घ्यायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना, ताई?"